मातीलाही दिशा असते

कबर खोदण्याच्या दोन रीती आहेत. एक लहद, म्हणजे बगली कबर. आधी सरळ खड्डा खणायचा, मग तळाशी किब्ल्याच्या बाजूची भिंत आडवी कोरून मय्यतीसाठी जागा करायची. दुसरी शक, म्हणजे संदूकी कबर. खड्ड्याच्या तळाशी मधोमध एक अरुंद चर खणायचा आणि त्यावर फळ्या टाकायच्या. हनफी असोत की शाफई, फिकहची पुस्तके एकच सांगतात: माती घट्ट असेल तर लहद उत्तम, माती भुसभुशीत, ढासळणारी असेल तर संदूकी कबर करावी.

नियम दीनचा आहे, पण त्यामागचे निरीक्षण मातीचे आहे. खाली खणताना नीट वागणारी माती बाजूने कोरली की तशीच उभी राहील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून खोदणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. माती किती मजबूत आहे, हा पहिला. ओझे कोणत्या बाजूने येणार आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी लवकर शोधले. दुसरा प्रश्न गणितात उतरायला मात्र जवळजवळ दोन शतके गेली. त्या दोन शतकांचा इतिहास मला इथे थोडक्यात मांडायचा आहे, कारण तो आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे.

आपले दार म्हणजे घिवली आणि आसपासचा पालघर, बोईसर, तारापूरचा पट्टा. इथे थोडे अंतर चालले तरी जमीन बदलते. समुद्राकडे वाळू आणि काळा खडक, खाडीकडे खाजणाचा चिखल, आणखी आत भातशेती. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या, त्यांचा पाया खडकावर आहे. खाडीकाठचे बांध, मिठागरे, रस्ते आणि भराव टाकून बांधलेली घरे यांच्या नशिबी खडक नसतो. त्यांना चिखलावरच संसार थाटावा लागतो.

हा चिखल जवळून पाहू. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षा लहान असतो, म्हणजे मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातल्या एकाहून लहान. वाळूचा दाणा साधारण गोलसर असतो, चिकणमातीचा कण पापुद्र्यासारखा चपटा. नदीच्या पाण्यातून आलेले हे कण खाडीच्या खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात. एकाची कड दुसऱ्याच्या अंगाला लागते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी पोकळ रचना तयार होते. तिच्या पोकळ्यांत पाणी भरून राहते. मग वर्षानुवर्षे वरून नवा गाळ बसत जातो. वजन वरून खाली पडत असल्याने पत्त्यांचा बंगला हळूहळू चेपतो आणि कण आडवे होऊ लागतात. मधल्या एखाद्या पावसाळ्यात बारीक रेती आली तर तिचाही पातळ थर पडतो.

आम्हा शिक्षकांना याची कल्पना यायला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुरे. गठ्ठा टेबलावर ठेवून वरून हात दाबला तर तो दगडासारखा घट्ट लागतो. बाजूने ढकलला तर कागद एकमेकांवरून सरकतात. उभा धरून दाबला तर मध्येच वाकतो. वस्तू एकच, पण तीन दिशांना तीन स्वभाव. सगळ्या दिशांना सारखे वागणाऱ्या पदार्थाला शास्त्रात समदिक् म्हणतात, दिशेप्रमाणे बदलणाऱ्याला विषमदिक्. खाडीचा चिखल विषमदिक् आहे. तो कसा बसला, त्याच्यावर आजवर कोणत्या बाजूने वजन पडले, याची आठवण त्याच्या कणांच्या मांडणीत साठलेली असते.

कुंभार ही आठवण पुसूनच कामाला लागतो. आणलेली माती तो जशीच्या तशी चाकावर ठेवत नाही. भिजवतो, तुडवतो, कापतो, पुन्हा मळतो. त्यातून हवा निघते, खडे निघतात आणि मातीची जुनी मांडणीही मोडते. नीट न मळलेल्या मातीचे भांडे वाळताना एका बाजूने जास्त आकसते आणि वाकडे होते किंवा तडकते. पालघर, वसई, वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर चिखल तुडवणारे पायही तेच करत असतात.

कुरआनात माणसाच्या निर्मितीच्या संदर्भात मातीसाठी वेगवेगळे शब्द आले आहेत. तीन म्हणजे ओली माती, हमा म्हणजे काळा चिखल, सलसाल म्हणजे वाळून खणखणणारी माती. धर्मग्रंथात आधुनिक विज्ञान शोधण्याचा मोह मला होत नाही. भाषेचा शिक्षक म्हणून एवढेच दिसते की मातीवर जगणाऱ्या समाजाला तिच्या अवस्थांसाठी वेगळे शब्द लागतात. स्वीडनचे आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ साली चिकणमातीच्या अवस्था ओलाव्याच्या आकड्यांत बांधल्या: किती पाण्यावर ती वाहू लागते, किती पाण्यापर्यंत तिला आकार देता येतो. या मर्यादा आजही जगभरच्या प्रयोगशाळांत मोजल्या जातात. पण त्या मोजताना माती आधी मळून घेतात. म्हणजे दिशा तिथेही पुसलेलीच असते.

मातीच्या ताकदीचे पहिले पक्के गणित फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल कूलोम याचे. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना मातीचा दाब भिंतींवर कसा येतो, हे त्याने अनुभवले होते. त्याचा निबंध १७७६ साली छापला गेला. मातीची ताकद दोन गोष्टींनी बनते, असे त्याने मांडले. एक कणांमधला चिकटपणा, दुसरे घर्षण. हे सूत्र आजही शिकवतात. पण त्यात माती सगळीकडे आणि सगळ्या बाजूंनी सारखी धरलेली आहे. सूत्राची सुरुवात अशीच सोपी असावी लागते. अडचण पुढे झाली. सोयीसाठी धरलेली गोष्ट लोक मातीचा खरा स्वभाव समजू लागले.

मऊ माती स्वीडनमध्ये महागात पडली. तिथे मऊ चिकणमातीवर रेल्वेचे भराव आणि बंदराचे धक्के बांधले होते. १९१६ साली गोटेनबर्ग बंदरातला एक धक्का घसरला. १९१८ साली येटो इथे रेल्वेचा भराव खचून गाडी कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसे मेली. स्वीडिश रेल्वेने त्याआधीच नेमलेल्या आयोगाने १९२२ साली अहवाल दिला. भराव घसरतो तेव्हा खालची माती साधारण वर्तुळाच्या कमानीसारख्या रेषेवरून सरकते, ही कल्पना याच काळात रुजली. ही कमान लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

त्याच वर्षांत मृद्‌यांत्रिकी हे शास्त्र आकाराला येत होते, आणि ते इस्तंबूलमध्ये. प्रागमध्ये जन्मलेले कार्ल तेरझागी १९१६ साली उस्मानी सरकारच्या अभियांत्रिकी शाळेत शिकवायला गेले. महायुद्ध हरल्यावर ती नोकरी सुटली, तेव्हा त्याच शहरातल्या अमेरिकन रॉबर्ट कॉलेजात त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पैसा नव्हता, यंत्रे नव्हती. सिगारचे रिकामे डबे आणि भंगारातले सामान जोडून त्यांनी उपकरणे बनवली. बॉस्फरसच्या काठी अशा प्रयोगशाळेत केलेल्या कामातून १९२५ साली त्यांचे पुस्तक आले आणि मृद्‌यांत्रिकी हा स्वतंत्र विषय झाला. खिलाफत चळवळीच्या निमित्ताने आपल्याकडचे मुसलमान ज्या इस्तंबूलकडे डोळे लावून बसले होते, त्याच इस्तंबूलमध्ये, त्याच वर्षांत, एक माणूस चिखल दाबून त्यातून पाणी किती वेगाने निघते ते मोजत होता. इतिहासाच्या तासाला पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही.

तेरझागींचा मुख्य शोध साधा आहे. ओल्या चिखलावर वजन ठेवले की ते आधी पाणी पेलते. पाणी हळूहळू बाहेर पडते, तसतसे वजन कणांच्या सांगाड्यावर जाते. सांगाडा चेपतो, जमीन खचते आणि चिखल मजबूत होतो. नवे घर पाच-दहा वर्षे खचत का राहते, याचे उत्तर इथे मिळाले. पण हे गणित एकाच दिशेचे होते. त्यांच्या चाचणीत मातीची चकती धातूच्या कड्यात बसवलेली असते. ती बाजूला फुगू शकत नाही, पाणी फक्त वर आणि खाली जाते. विस्तीर्ण भरावाच्या मध्यभागी हे बरोबर बसते. बांधाच्या कडेला, जिथे चिखल बाजूला पळू पाहतो, तिथे बसत नाही.

ताकद दिशेप्रमाणे बदलते हे गणितात मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९४४ साली आर्थर कासाग्रांडे आणि कारिलो यांनी केला. कासाग्रांडे तेरझागींचे सहकारी, पत्त्यांच्या बंगल्यासारख्या रचनेचा विचार त्यांनी १९३२ मध्येच मांडला होता. मात्र या गणिताचा व्यवहारातला अर्थ नॉर्वेच्या लाउरिट्स ब्येरुम यांनी ठळकपणे दाखवला. १९७२ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या परिषदेत त्यांनी मऊ जमिनीवरच्या भरावांची चिकित्सा केली.

आता ती कमान आठवा. भरावाच्या खाली कमान सुरू होते, तिथे माती वरून दाबली जाते. मध्यभागी ती आडवी सरकते. बांधाच्या पायथ्यापाशी कमान वर येते, तिथे माती बाजूने ढकलली जाऊन वर उचलली जाते. म्हणजे एकाच घसरणीत एकच चिखल तीन ठिकाणी तीन दिशांनी सोसत असतो. वरून दाबताना तो सगळ्यात जास्त टिकतो, कारण त्याच दिशेने तो आयुष्यभर दाबला गेला आहे. बाजूने ढकलताना सगळ्यात कमी टिकतो. कमी चिकट मऊ मातीत बाजूची ताकद उभ्या ताकदीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येऊ शकते. जास्त चिकट मातीत हा फरक कमी असतो, पण नाहीसा होत नाही. प्रयोगशाळेत फक्त वरून दाबून काढलेला आकडा सगळ्या कमानीला लावला तर बांध कागदावर उभा राहतो आणि जागेवर झोपतो.

मोजण्याच्या साधनालाही दिशा असते. मऊ चिखलाची ताकद जागेवर मोजण्यासाठी चार पात्यांची एक फिरकी जमिनीत खुपसून फिरवतात. पात्यांची उंची रुंदीच्या दुप्पट असते. ती फिरताना चिखलाचा डबा कापला जातो. हिशोब केला तर विरोधाच्या सात भागांपैकी सहा भाग डब्याच्या उभ्या भिंतीतून येतात आणि एकच भाग वरच्या-खालच्या आडव्या चकत्यांतून. म्हणजे ही फिरकी मुख्यतः उभ्या पृष्ठावरची ताकद सांगते. घसरणीची कमान मात्र मध्यभागी आडवी असते. शिवाय चाचणी काही मिनिटांत संपते, भराव महिनोन् महिने बसून राहतो. ब्येरुम यांनी म्हणूनच फिरकीच्या आकड्याला दुरुस्ती सुचवली. फार चिकट मातीत ती आकडा जवळपास एक तृतीयांशाने खाली आणते.

दरम्यान केंब्रिजमध्ये रॉस्को, स्कोफिल्ड आणि रॉथ यांनी १९५८ पासून चिकणमातीचे नवे गणिती प्रारूप उभे केले. तिथल्या कॅम नदीवरून त्याचे नाव पडले कॅम-क्ले. माती किती ओझ्यापर्यंत परत मूळ स्थितीत येऊ शकते आणि कुठून पुढे तिच्यात कायमचा बदल होतो, याचा उंबरठा त्यांनी आलेखावर वक्र रेषेने दाखवला. रॉस्को आणि बर्लंड यांच्या १९६८ च्या सुधारित रूपात ती रेषा लंबवर्तुळ झाली. हे लंबवर्तुळ अक्षावर अगदी सरळ बसवलेले होते, म्हणजे माती समदिक् धरलेली. याला कारणही होते. त्यांचे प्रयोग मुख्यतः प्रयोगशाळेत कालवून तयार केलेल्या मातीवर होते. कुंभाराने मळलेल्या मातीला दिशेची आठवण नसते, तशीच याही मातीला नव्हती.

खऱ्या जमिनीतून काळजीपूर्वक काढलेल्या नमुन्यांवर चाचण्या झाल्या तेव्हा ते लंबवर्तुळ तिरके निघाले. माती ज्या बाजूने आजवर दाबली गेली, त्या बाजूला झुकलेले. जपानच्या सेकिगुची आणि ओहता यांनी १९७७ साली, दाफालियास यांनी १९८६ साली हा झुकाव गणितात आणला. २००३ साली व्हीलर आणि त्यांच्या फिनलंडमधल्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रारूपात हा झुकाव बदलूही शकतो. नव्या दिशेने पुरेसे ओझे येत राहिले की कण नव्याने मांडले जातात आणि लंबवर्तुळ हळूहळू वळते. मातीची जुनी आठवण पुसली जाऊन नवी लिहिली जाते. मात्र त्यासाठी वेळ द्यावा लागतो. पाणी निघायच्या आत ओझे वाढवले तर आठवण बदलत नाही, माती मोडते.

आपल्याकडची जमीन या कथेत वेगळी भर घालते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या मातीत पाणी पिऊन फुगणारे खनिज भरपूर असते. काळ्या मातीच्या भेगा आणि पावसात तिचे फुगणे शेतकऱ्याला पाठ असते. पवईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर दीर्घ संशोधन केले. काळी माती वर किती उचलते एवढेच नव्हे, तर बाजूला किती रेटते, हेही तपासले गेले. बाजूचा रेटा महत्त्वाचा, कारण कालव्याचे अस्तर आणि आधारभिंती त्यानेच फुटतात. न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर मध्ये घालून हा रेटा आवरण्याची त्यांची पद्धत बेळगाव-धारवाडकडच्या मलप्रभा कालव्यावर वापरली गेली आणि पुढे भारतीय मानकांतही आली.

मुंबई परिसरातल्या खाड्यांचा चिखल हा याच खडकाचा समुद्रात जाऊन बसलेला अंश. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले, ते अशाच चिखलाच्या मुलखात. अशा जमिनीत ठरावीक अंतरावर उभ्या निचरापट्ट्या खुपसतात आणि वर भराव टाकतात. ही युक्ती पूर्णपणे दिशेवर उभी आहे. चिखलात पाणी वर-खाली जाण्यापेक्षा आडवे जास्त सहज वाहते, कारण थर आडवे असतात. पट्टी जवळ असली की पाण्याला वाटही थोडीच चालावी लागते. वाट दहापट कमी झाली तर वेळ शंभरपट कमी होतो. दहा मीटर जाडीचा थर आपोआप घट्ट व्हायला दशके घेईल, तो काही महिन्यांत तयार होतो.

खारबांध घालणाऱ्या आपल्या माणसांकडे हे गणित नव्हते, तरीही बांध एका दमात उंच करायचा नाही, हे त्यांना माहीत होते. चिखलाचा एक थर टाकावा, तो बसू द्यावा, वाळू द्यावा, मग दुसरा. उघाडीच्या दोन्ही अंगांना विशेष जपावे, कारण तिथे पाणी बाजूने रेटते. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आले, आणि बांधांची जबाबदारी गावाच्या हातातून सरकारी खात्याकडे सरकत गेली. बांधांना खात्याचा पैसा मिळाला. बांधावर रोज चालणारा माणूस मात्र त्यातून बाजूला पडला.

आता या जिल्ह्यात चिखलावर मोठे ओझे येत आहे. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग इथूनच जातो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्या वादाच्या सगळ्या बाजू या लेखात मावणार नाहीत. माझा मुद्दा छोटा आहे, पण तो खाजणात भराव टाकून उठणाऱ्या साध्या वसाहतीलाही लागू पडतो. जनसुनावणीत गावकऱ्याला सांगितले जाते की जमीन तपासली आहे, ती भक्कम आहे. तेव्हा त्याने एवढे विचारावे: कोणत्या दिशेने तपासली? फक्त वरून दाबून, की बाजूने ढकलूनही? भरावाखालची जमीन किती खचेल ते मोजले, मग शेजारच्या शेतात, खाडीत, घराखाली चिखल किती सरकेल तेही मोजले का? भराव किती दिवसांत टाकणार, आणि बाजूला सरकण्यावर नजर ठेवणारी उपकरणे कुठे लावणार?

हे प्रश्न विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. भरावाचे ओझे खाली पडते आणि त्याचा रेटा बाजूला जातो, एवढे समजले की पुरे. त्या बाजूला बहुधा कुणाची तरी भातखाचरे, कुणाचे मासे वाळवायचे आवार, कुणाचे कब्रस्तान किंवा स्मशान असते. प्रकल्पाच्या नकाशात रेघेच्या आत जे आहे त्याचा हिशोब होतो. चिखल मात्र ती रेघ पाळत नाही.